आप्पांच्या छातीतला कापूस

संप सुरू झाला तेव्हा आमच्या घरात अशी एक गोष्ट घडली, जी बाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती. आप्पांचा खोकला कमी झाला.

आम्ही वरळीला बीडीडी चाळीत राहत होतो. एक खोली, कोपऱ्यात मोरी, आणि दाराबाहेर चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला पॅसेज. त्यात भर दुपारीही दिवा लावावा लागे. घरात तिघंच. आप्पा म्हणजे माझे वडील, आई आणि मी. मोठी बहीण लग्न होऊन साताऱ्याकडे गेलेली. आप्पा गिरणीत ब्लोरूमला होते. दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठी तिथे फोडतात, मशीनमध्ये घालून कापूस पिंजतात, त्यातली माती-कचरा झाडून काढतात. त्या खात्यात धूळ हवेत नसते, धुळीत कुठे कुठे थोडी हवा असते, असं आप्पा म्हणायचे. पूर्वी आमच्या लोकांना मागावर घेत नसत. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या तोंडाला लागलेला धागा दुसऱ्यांना चालत नसे. म्हणून माझे आजोबा ब्लोरूमच्या धुळीत गेले आणि त्यांच्यामागे आप्पा. "त्यांचं तोंड वाचलं, आपली छाती गेली," आप्पा म्हणत. रागाने नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

रविवारची सुट्टी झाली की सोमवारी त्यांची छाती जास्त भरायची. एक दिवस मोकळी हवा खाल्लेली छाती पुन्हा धुळीत जायला कुरकुर करायची. संप झाला आणि आमच्याकडे रोजच रविवार आला. महिन्याभरात आप्पा जिना एका दमात चढू लागले. जांबोरी मैदानात सभेला जाऊन घसा ताणून घोषणा देऊन येऊ लागले. आजूबाजूच्या खोल्यांमधून भांडी गावी जात होती, बायकामुलं गावी जात होती, आणि माझे वडील बरे दिसत होते. आईने प्रभादेवीला दोन घरची धुणीभांडी धरली. गिरणी उघडावी म्हणून ती रोज वाट बघायची, आणि उघडेल म्हणून रोज घाबरायची. दोन्ही एकाच चेहऱ्यावर. मी तेव्हा आठवीत होते. आईला विचारलं, "तुला काय पाहिजे? संप मिटायला पाहिजे की नको?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही.

संप मिटला असं कुणी सांगितलंच नाही. एकेक जण आत जायला लागला, इतकंच. आप्पांच्या गिरणीचं गेट उघडलं, जुन्यांतल्या काहींना घेतलं, त्यात आप्पांना बोलावणं आलं.

"जाऊ नका," आई म्हणाली. ती पीठ मळत होती, हात थांबले नव्हते.

"मग काय करू? दारात बसून बायकोची कमाई खाऊ?"

"खा. मी काय बोलले का?"

"तू बोलली नाहीस. पॅसेजमधनं जाताना सगळे बघतात ना."

आप्पा गेले. पहिल्या पाळीहून आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस होता. नाकाला बांधलेला रुमाल आईने पाण्यात टाकला तर पाणी राखाडी झालं. त्या दिवसानंतर आमच्या घरात सगळे कान देऊन राहू लागले. शाळेतून येताना पॅसेजमध्येच मी ऐकायला लागायचे. आप्पांच्या श्वासाचा आवाज दाराबाहेर यायचा. बारीक शिट्टी असेल तर दिवस बरा. आवाज खोल, चिखलातून पाय उपसल्यासारखा असेल तर दप्तर हळू ठेवायचं, काही मागायचं नाही, ताट आपटायचं नाही. आणि आवाजच येत नसेल तर दाराशी थांबून राहायचं, हात कडीवर ठेवून, आत जायची हिंमत गोळा करत.

एका सोमवारी दोन कामगारांनी त्यांना खांद्याला धरून घरी आणलं. ओठ जांभळे पडले होते. तिथूनच टॅक्सीत घालून परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. काही दिवस ठेवून घेतलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. वयाने लहान होत्या, पण नीट बोलल्या. छातीचा फोटो काचेवर लावून दाखवला.

"इतकी वर्षं धूळ गेलीय. जे गेलं ते परत येणार नाही. पुढे वाढू द्यायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे. गिरणीत आता जायचं नाही. हा पंप जवळ ठेवायचा, गोळ्या चुकवायच्या नाहीत."

"किती दिवस?" आप्पांनी विचारलं.

"कायम."

आप्पांनी मान हलवली. बाहेर आल्यावर फुटपाथवर उभे राहिले आणि आईला म्हणाले, "कायम म्हणाली ना ती? मला नीट ऐकू आलं नाही." त्यांना नीट ऐकू आलं होतं.

आजारापेक्षा त्यानंतरचं घर मला जास्त आठवतं. आप्पा खिडकीपाशी खाटेवर बसून असायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, खांदे वर ओढून. छातीचे रोगी तसेच बसतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं की ते कुणावर तरी उडी घ्यायला टपून बसलेत. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचे. रेडिओ लावला तर बंद कर म्हणायचे, बंद केला तर का बंद केला म्हणायचे. आई त्यांच्यापुढून जाताना पदर सावरून, अंग चोरून जायची. कुणी भेटायला आलं तर आप्पा भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे. पण श्वासाचं सोंग घेता येत नाही. आलेल्या माणसाला सगळं कळायचं.

त्यांनी विहारातही जाणं सोडलं. ते का सोडलं हे सांगायला हवं. आमच्याच चाळीच्या तळमजल्यावर एका खोलीत बुद्धविहार होता. पौर्णिमेला तिथे वंदना व्हायची आणि ती आप्पा सांगायचे. गिरणीत मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे त्यांचा आवाज मैदानापर्यंत जायचा. इस्पितळातून आल्यावर पहिल्या पौर्णिमेला ते हट्टाने गेले. त्रिशरणाची पहिली ओळ निघाली, दुसरी मधेच तुटली. पुन्हा धरली, पुन्हा तुटली. शेवटी विहार सांभाळणारे गुरुजी, महानगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले, त्यांनी हळूच पुढची ओळ उचलली. त्यांनी केलं ते भल्यासाठीच. पण आप्पा उठले, लोकांमधून वाट काढत बाहेर आले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. मी मागोमाग गेले तर म्हणाले, "जा आत. वंदना अर्धी सोडायची नसते."

धर्मांतराच्या वेळी आप्पा ऐन तरुण होते. घरातले देव त्यांनी स्वतः टोपलीत भरून गावच्या नदीत सोडले होते, त्यांच्या आईच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर माझी आई लग्न होऊन आली ती देव नसलेल्या घरात. तिच्या माहेरीही देव सोडलेले, पण तिथल्या बायकांनी ते पुरते सोडले नव्हते. आईने या घरात कधी हूं की चूं केलं नाही. नवऱ्याचा धर्म तो आपला, एवढं तिला पुरत होतं. आप्पांची छाती बिघडेपर्यंत पुरत होतं.

माझी मावशी, आईची धाकटी बहीण, परळला राहायची. तिथे एका चाळीत कुणी बाबा गुरुवारी बसत. त्यांच्या अंगाऱ्याने कुणाचा दमा गेला, कुणाचा बंद पडलेला हात उठला. मावशी आठवड्यातून दोनदा यायला लागली. आली की दोघी मोरीपाशी उभ्या राहून हळू बोलत. मी जवळ गेले की मावशी म्हणे, "अभ्यास कर गं."

तो दिवस सुट्टीचा होता. उन्हाची वेळ, पॅसेजमध्ये पोरं गोट्या खेळत होती. आईने आप्पांना चहा दिला. आप्पा बशीत ओतून प्यायचे. शेवटचा घोट ओतला तर बशीत तळाला राखाडी गाळ आला. ते त्याच्याकडे बघत राहिले. बोट फिरवलं, बोटाला लागलेलं अंगठ्यावर चोळलं.

"हे काय आहे?"

मावशी स्टुलावर बसली होती.

"चहाची पूड अशी नसते. काय आहे?"

"दाजी, अंगारा आहे," मावशी म्हणाली. "वाईट काही नाही. चांगल्या ठिकाणचा आहे."

आप्पांनी बशी खाली ठेवली. फेकली असती तर बरं, असं मला वाटलं. त्यांनी ती इतकी सावकाश ठेवली की आवाजही झाला नाही.

"किती दिवस चाललंय?"

"अहो, ऐका..." आई म्हणाली.

"माझ्या घरात. माझ्या चहात. ज्या हातांनी मी..." पुढचं वाक्य आलं नाही. श्वास अडकला होता. खांदे वर गेले, मानेच्या शिरा उभ्या राहिल्या, गळ्याच्या खाली दोन हाडांच्या मधे खड्डा पडायला लागला. त्यांचा हात उशीखाली गेला. पंप तिथेच असायचा. हात इकडून तिकडे फिरला. उशी खाली पडली. पंप नव्हता.

मी खाटेखाली वाकले. चादर झटकली. फडताळावरचे डबे पाडले. आप्पा माझ्याकडे बघत होते, डोळे मोठे झालेले, तोंड उघडं, आणि त्यातून काहीच आवाज येत नव्हता. मग मी आईकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा बघून मला कळलं.

"आई, कुठे ठेवलास?"

"अमावस्येपर्यंत औषध बंद ठेवायला सांगितलंय बाबांनी," मावशी म्हणाली. "नाहीतर गुण येत नाही..."

"आई!"

आई जागची हलली ती एकदम. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, तांदूळ जमिनीभर सांडले, पंप काढला, पदराने पुसला आणि आप्पांच्या तोंडाशी धरला. आप्पांनी तिचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. एकदा दाबला, पुन्हा दाबला. मग वाट बघणं. त्या वाट बघण्याएवढं लांब काही मी नंतर आयुष्यात अनुभवलं नाही. हळूहळू आत कुठेतरी बारीक शिट्टी वाजली. एरवी दाराबाहेर कान देऊन शोधायचे तोच आवाज ऐकून मी खाली तांदळातच बसले.

मावशी कधी निघून गेली कळलं नाही.

बोलता यायला लागल्यावर आप्पा म्हणाले, "मारत होतीस मला."

आई तांदूळ गोळा करत होती. तिने मान वर केली. माझी आई कधी आवाज चढवणारी नव्हती, पण त्या दिवशी चढला.

"मारत नव्हते! जगवायला बघत होते! डॉक्टरीण म्हणते बरं होणार नाही. तुम्ही म्हणता देव नाही. गुरुजी म्हणतात बुद्धाकडे मागायचं नसतं, तो काही देत नाही, तो वाट दाखवतो. बरं आहे. तुम्ही वाटेनं चाला. मी काय करू? मी कुणाला मागू? रोज बघते मी तुम्हाला असं. मला कुणाकडे तरी पदर पसरायचाय. सांगा ना, कुणाकडे पसरू?"

पॅसेजमधली पोरं गोट्या खेळायची थांबून दारातून आत बघत होती. मी उठून दार लावलं.

चाळीत भिंतींना कान नाहीत, भिंतीच नाहीत. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. आईला ते एक शब्द बोलले नाहीत, ती अपराध्यासारखी चहा ठेवत होती तेवढं बघितलं, आणि चहा नीट पिऊन संपवला. मग आप्पांना म्हणाले, "विहारात या. वंदनेला नको. दुपारी कुणी नसतं. बसायला या. श्वासावर लक्ष ठेवून बसायचं असतं, आनापान म्हणतात त्याला. बुद्धाने सांगितलेलं आहे. राग उतरतो. मनाला बरं वाटतं."

आप्पा गेले. आईवरच्या रागाने गेले असतील, तिला दाखवायला, की आपल्याकडेही काही आहे. त्यांना धरून जिना उतरवायला मी बरोबर होते, म्हणून मी मागे बसले. गुरुजींनी डोळे मिटायला सांगितले. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, नाकाशी फक्त बघायचं, काही करायचं नाही. विहारात पंख्याचा आवाज होता. थोडा वेळ गेला. मग आप्पांचा श्वास भराभर व्हायला लागला. पाठ ताठली. त्यांनी डोळे उघडले आणि मूर्तीकडे नाही, दाराकडे बघितलं, आग लागल्यावर माणूस बघतो तसं.

"श्वासाकडे बघा म्हणता," ते धापा टाकत म्हणाले. "गुरुजी, तुमचा श्वास म्हणजे येणारा-जाणारा पाहुणा आहे. माझा श्वास म्हणजे गळ्यावरचा हात आहे. त्याच्याकडे शांत बसून बघू?"

गुरुजींनी आपली मांडी मोडली. मग म्हणाले, "चुकलं माझं. मला पुस्तकातलं माहीत होतं, तुमचं माहीत नव्हतं."

घरी आल्यावर आप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले. आता विहारही संपला, बाबाही संपला. आई कामाला जायची, यायची, स्वयंपाक करायची. पंप उशीखाली आहे का ते ती दिवसातून कितीदा तरी हात घालून बघायची, आणि ती बघते आहे हे आप्पा बघायचे. तिघंही एकमेकांवर पहारा देत होतो. असं जवळजवळ वर्ष गेलं. मी अकरावीत, दादरच्या कॉलेजात जाऊ लागले.

आणि तिथे माझा श्वास बंद पडायला लागला.

पहिल्यांदा वर्गात झालं. मागच्या बाकावर कुणीतरी सर्दीने घोगरा श्वास घेत होतं. तो आवाज माझ्या कानात शिरला आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. हवा आत जाते आणि पुरत नाही. हाताला मुंग्या आल्या. मी वर्गातून उठून जिन्यात जाऊन बसले. पुढे परीक्षेत झालं, बसमध्ये झालं. आप्पांचंच मला लागलं, कापूस माझ्याही छातीत आला, याची मला खात्री पटली. घरी सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? शेवटी एकटीच इस्पितळात गेले. तपासलं, फोटो काढला. "छातीत काही नाही," डॉक्टर म्हणाले. "घरात काही टेन्शन आहे का?" मी नाही म्हणाले.

एका दुपारी घरी आले तर पॅसेजमध्ये आवाज येत नव्हता. शिट्टी नाही, घरघर नाही. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले, नेहमीसारखी. दार ढकललं. आप्पा खाटेवर झोपले होते, खरोखरच शांत झोपले होते, एवढंच. पण तोपर्यंत माझं सुरू झालं होतं. मी उंबऱ्यातच बसले. दप्तराचा पट्टा गळ्यात तसाच. माझ्या तोंडून निघणारा आवाज अगदी त्यांच्यासारखा होता. त्या आवाजाने ते जागे झाले.

ते खाटेवरून उतरले आणि भिंतीला धरत माझ्यापर्यंत आले. आजवर आम्ही त्यांच्याकडे धावायचो. पहिल्यांदा ते माझ्याकडे येत होते. समोर जमिनीवर बसले, पट्टा काढला आणि माझे दोन्ही पंजे फरशीवर दाबून धरले.

"आत ओढू नकोस," ते म्हणाले. "ऐक माझं. ओढणारा बुडतो. बाहेर सोड. चहा फुंकतेस ना, तशी फुंक. ओठ बारीक कर. हां. अजून. सगळा जाऊ दे."

मी मान हलवत होते, होत नाही म्हणून.

"होतं. मेल्यासारखं वाटतं, मरत नाही. मी रोज बघतो. फरशी गार लागतेय का?"

"हो."

"कुठे लागतेय? बोटांना का तळव्याला?"

"तळव्याला."

"मग तिथे राहा. छातीत जाऊ नकोस. छातीत काय बघायचंय? फुंक. आता तो येईल. बोलवू नकोस, आपला आपण येतो."

ते माझ्याबरोबर फुंकत होते, ओठ बारीक करून, माझ्या तोंडाकडे बघत. बाप आणि मुलगी उंबऱ्यात समोरासमोर बसून चूल फुंकल्यासारखे फुंकतोय. हळूहळू माझी छाती सैल झाली. मला रडू आलं. किती दिवस होतंय, विचारलं त्यांनी. मी सांगितलं. त्यांनी दप्तर बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "माझ्या छातीतली धूळ गिरणीची. तुझ्या छातीत मी भरली." मी नाही म्हणाले, पण त्यांनी ऐकलं नाही. आणि तेवढ्यात आम्हा दोघांच्याही लक्षात आलं, की खाटेपासून दारापर्यंत येऊन, जमिनीवर बसून, एवढं बोलूनही त्यांना धाप लागली नव्हती. पंप तिकडे उशीखाली होता.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "चल खाली." विहारात गुरुजी पेपर वाचत होते. आप्पा त्यांना म्हणाले, "तुम्ही बघायला सांगितलंत तेव्हा मी माझा श्वास बघायचो, तर तो पळायचा. काल पोरीचा बघितला, तर माझा कधी आला ते कळलं नाही."

गुरुजींनी चष्मा काढला. "मग तेच करा," ते म्हणाले. "दुसऱ्याचं भलं चिंतायचं, त्यालाही आपल्यात नाव आहे. मैत्री म्हणतात. पण नावाला काय करायचंय? तुम्ही करा."

तेव्हापासून आम्ही दोघं दुपारी खाली बसायचो. डोळे उघडे ठेवून. तळव्यांना फरशी. आधी माझ्यासाठी फुंकायचं, मग आईसाठी, मग ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी. या शेवटच्याला आप्पा अडायचे. कधी उठून जायचे. "गिरणीच्या मालकासाठी फुंकणार नाही," म्हणायचे. गुरुजी म्हणत, "नका फुंकू. आज मुकादमापर्यंत पोचलात, पुष्कळ झालं." छाती बरी झाली नाही. पंप होता, गोळ्या होत्या, थंडीत इस्पितळाच्या खेपा होत्या. माझंही एकदम गेलं नाही. परीक्षेत तर दर वेळी झालं. पण घरातला पहारा उठला. आप्पा आलेल्या माणसाकडे तोंड करून बसू लागले.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला त्यांनी वंदना सांगितली. दोन शब्द म्हणायचे आणि थांबायचे. ओठ बारीक करून फुंकायचे. मग पुढचे दोन. विहार भरलेला, लोक बाहेर पॅसेजपर्यंत. पहिल्यांदा लोक गडबडले, काहीजण पुढे निघून गेले, मग परत आले. शेवटी शेवटी सगळे त्यांच्या श्वासासाठी थांबायला शिकले. गुरुजींनी या खेपेला ओळ उचलली नाही.

आईचं काय? ती आमच्याबरोबर कधी बसली नाही. "मला नाही जमत ते फुंकणं," म्हणायची. एकदा आप्पाच तिला म्हणाले, "तुला मागायचंय ना? माग. कुणाकडे ते मी विचारणार नाही. माझ्या चहात घालू नकोस, एवढंच." आई हसली. त्या दिवसापासून ती कामाला निघण्याआधी खिडकीपाशी उभी राहून काहीतरी पुटपुटायची. मावशीही पुन्हा यायला लागली, पण अंगाऱ्याचं नाव नव्हतं.

मग मला नोकरी लागली. आप्पांच्या इस्पितळाच्या खेपा वाढल्या. अशाच एका खेपेला, सकाळी कामावर जाण्याआधी मी वॉर्डात गेले तर आप्पांनी ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर ओढला होता आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी ते बोलत होते. तो वरळी कोळीवाड्यातला कोळी होता. समुद्रावर आयुष्य काढलेला, दांडगा माणूस, पण तोंडावर मास्क लावला की घाबरून ओढून काढायचा. "मना जमत नाय दादा, गुदमरतंय," म्हणत होता.

"गुदमरणार. ओढू नकोस," आप्पा सांगत होते. "बाहेर सोड. पाय कुठे आहेत तुझे? खाटेच्या दांडीला लाव. गार आहे?"

"गार हाय."

"तिथे राहा."

नर्स आली. "आजोबा, तुमचा मास्क!" म्हणून ओरडली. आप्पांनी बोटाने तिला थांबायची खूण केली, कोळ्याने पाच-सहा फुंकरा घातल्या, मग यांनी आपला मास्क वर ओढला.

आई दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर बसली होती. ओठ हलत होते. डबा उघडून तिच्या हातात देताना मी हळूच विचारलं, "आप्पांसाठी मागतेस का अजून?"

"ह्यांचं झालं मागून," ती म्हणाली. तिने मानेनेच शेजारच्या खाटेकडे दाखवलं. "त्याची बायको पहाटेच बाजारात गेलीय मासळी घेऊन. ती येईपर्यंत कुणीतरी नको का मागायला?"

आप्पा त्या खेपेला घरी आले. त्यानंतरच्या काही खेपांनाही आले. मग एका थंडीत आले नाहीत. शेवटचे दोन दिवस त्यांना बोलता येत नव्हतं. त्या दिवशी सकाळी आई आणि मी दोन बाजूंना होतो. मी त्यांचे तळवे धरले होते आणि फुंकत होते, त्यांच्या तोंडाकडे बघत. आईने आपला हात त्यांच्या कपाळावर ठेवला होता. तिचे ओठ हलले नाहीत. नंतर मी तिला विचारलं, तेव्हा का मागितलं नाहीस.

"त्यांना धाप लागली नव्हती," ती म्हणाली. "मग म्हटलं, जाऊ दे सुखानं."